फ्लॅट नंबर सातचे रहिवासी

तळेगाव स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर एक चार मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, फ्लॅट नंबर सातमध्ये, गेल्या वर्षी कागदोपत्री एकवीस माणसं राहत होती. प्रत्यक्षात होती दोनच, अरुंधती आणि तिचा नवरा दिगंबर. बाकीच्या एकोणीस जणींना आपण घरात कधी घेतलं, हे खुद्द अरुंधतीलाच ठाऊक नव्हतं.

अरुंधती मूळची लोणावळ्याची. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. पदवीचा उपयोग इडलीचं पीठ थंडीत किती वेळात आंबेल एवढं सांगण्यापलीकडे झाला नाही, असं ती हसत सांगायची; पण सांगताना 'पहिला वर्ग' हे दोन शब्द कधी गाळायची नाही. मुलगी कौमुदी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा जुना लॅपटॉप आईला देऊन गेली. अरुंधतीनं त्याच्यासाठी क्रोशाची झालर असलेलं झाकण विणलं आणि पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी मागवली. मागवताना पत्ता टाइप केला, तशी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडून ब्राउझरनं अदबीनं विचारलं, हा पत्ता जतन करायचा का?

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. तुझी अमुक एक गोष्ट लक्षात ठेवू का, असं तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिनं लगेच होकार दिला.

तेव्हापासून कुठलाही फॉर्म उघडून पत्त्याच्या चौकटीवर बोट ठेवलं की खाली एक करडी पट्टी यायची, तीत तिचाच पत्ता. पट्टी दाबली की चौकटी भराभर भरायच्या. हा ब्राउझरचा वेग आहे, हे तिला कळत होतं. पण चार-सहा महिन्यांत तो तिला स्वतःचा वाटायला लागला.

वराळ्याच्या वरच्या वस्तीतल्या नंदाबाई मंगळवारी आणि शुक्रवारी इमारतीत भाजी घेऊन यायच्या. त्यांनी एकदा या बोटांची चपळाई पाहिली आणि विचारलं, माज्या बँकेचा फारम भराल का वैनी? अरुंधतीनं वीस मिनिटांत भरून दिला. पुढच्या मंगळवारी नंदाबाईंबरोबर शेजारच्या चिमाबाई आल्या, त्यानंतर आणखी दोघी, आणि मग दुपारी दोन ते चार हे अरुंधतीचं 'कार्यालय' झालं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला चष्म्याचं घर, समोर पदर सावरून बसलेली कुणीतरी. गॅसचं कार्ड, परीक्षेचा अर्ज, बँकेचं नवं एटीएम. अरुंधती काही घ्यायची नाही. तरी कुणी अळू ठेवून जायचं, कुणी इंद्रायणी तांदळाची पिशवी. "अगं कशाला," असं ती म्हणायची आणि म्हणता म्हणता पिशवी स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.

मग टपाल यायला लागलं. चिमाबाईंचं एटीएम कार्ड आलं, उर्स्याच्या कोमलचं हॉल तिकीट आलं, कुणाकुणाची गॅसची कागदपत्रं आली. सगळी फ्लॅट नंबर सातला. पोस्टमननं विचारलंसुद्धा, "मॅडम, भाडेकरू ठेवलेत का?" अरुंधतीला वाटलं, या बायकांनीच कुठेकुठे आपला पत्ता देऊन ठेवला असणार. तिला भरून आलं. भिशीत ती दोनदा म्हणाली की, लोकांचा विश्वास बसला की बसतोच बाई, आपण काही मागायला जात नाही. दिगंबर देहूरोडच्या डेपोत स्टोअरचं काम पाहायचा. आलेला प्रत्येक माल कुणाच्या सांगण्यावरून आला, हे विचारण्यातच त्याचं आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, "सगळ्या जणी एकाच वेळी तुझाच पत्ता द्यायला लागल्या, हे जरा विचित्र नाही वाटत?" अरुंधतीनं त्याच्या स्वभावावर दोन वाक्यं बोलून विषय संपवला.

फेब्रुवारीत नंदाबाईंनी सुनेला आणलं. सविता, पस्तिशीची, बारावी झालेली, कमी बोलणारी. वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती आणि यंदा अर्ज ऑनलाइन होता. अट महत्त्वाची एकच, बाई त्याच गावची रहिवासी हवी. सविताकडे ग्रामपंचायतीचा दाखला होता, बारावीचे बरे गुण होते. जागा मिळाली तर घरापासून पाच मिनिटांवर काम, आणि वयाची अट पाहता पुढच्या भरतीत तिला अर्ज करता येईल की नाही याची शाश्वती नव्हती. सवितानं हे सगळं एका दमात सांगितलं. अरुंधतीनं तिला धीर दिला. म्हणाली, फॉर्म माझ्यावर सोड.

फॉर्म भरताना बोलणं चाललं होतं ते जवसाच्या चटणीबद्दल. जवस आधी भाजायचे की आधी निवडायचे, यावर नंदाबाईंचं आणि तिचं एकमत होत नव्हतं. चटणी जवळजवळ ठरली तेव्हा अर्जही गेला होता. अरुंधतीनं छापील प्रत काढून सविताच्या हातात दिली. सवितानं ती शेवटपर्यंत वाचली, एकदा अरुंधतीकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग नुसतं "थँक्यू काकू" म्हणून प्रत पिशवीत ठेवली.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी नंदाबाई भाजीची पाटी न घेताच आल्या. मागून सविता. वडगावच्या बालविकास कार्यालयाच्या फलकावर तात्पुरती यादी लागली होती, तिचा फोटो सवितानं मोबाइलवर काढून आणला होता. सविताच्या नावापुढे लिहिलं होतं, अपात्र, अर्जदार गावची रहिवासी नाही. हरकत नोंदवायची शेवटची मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत.

"बारा वर्सं झाली लगनाला," नंदाबाई खुर्चीत बसेनात. "माजी सून वराळ्याची न्हाई म्हनत्यात. मंग ती हाय कुटली?"

अरुंधतीच्या अंगात वीज संचारली. तिनं दोघींना पाणी दिलं, चष्मा पुसला आणि हरकतीचं पत्र लिहायला घेतलं. कॉलेजात निबंधाचं बक्षीस मिळालं होतं, ते सगळं कौशल्य त्या पत्रात उतरलं. 'डोळे मिटून केलेली छाननी' असा एक शब्दप्रयोग तिला साधला, तो तिनं दोघींना मोठ्यानं वाचून दाखवला. 'ज्यांना साधा पत्ता वाचता येत नाही, त्यांनी कष्टकरी स्त्रियांच्या भवितव्याशी खेळू नये,' हे शेवटचं वाक्य. नंदाबाई म्हणाल्या, लय झ्याक. दीड पान झालं होतं.

पत्राला अर्जाची प्रत जोडायची म्हणून तिनं लॅपटॉपवर अर्ज उघडला. आणि पत्त्याच्या रकान्यात वाचलं: फ्लॅट नंबर सात, दुसरा मजला, तळेगाव स्टेशन.

ज्यांना साधा पत्ता वाचता येत नाही त्यांच्यापैकी एक त्या टेबलाशीच बसली होती.

तिनं पहिला संशय अर्थातच दुसऱ्यावर घेतला. बंगळुरूला फोन लावून ती कौमुदीला म्हणाली की, लॅपटॉपमध्ये कुणीतरी शिरलंय आणि माझा पत्ता लोकांच्या अर्जात घालतंय. कौमुदीनं दोन प्रश्न विचारले आणि तिला सगळं समजलं.

"आई, पिनकोडच्या चौकटीखाली पट्टी आली, ती दाबलीस ना?"

"दाबली. पिनकोड इकडचा तिकडचा एकच असेल. तेवढाच वेळ वाचतो."

"ती नुसता पिनकोड नाही भरत. पत्त्याच्या जेवढ्या चौकटी रिकाम्या दिसतील, तेवढ्या सगळ्या भरते. खालच्यासुद्धा. तू खाली पाहिलं नाहीस?"

खाली पाहायच्या वेळी जवस भाजत होते, हे अरुंधतीनं मुलीला सांगितलं नाही. कौमुदीनं मग तिच्याकडून एकेक बटण दाबून घेतलं. वर उजवीकडचे तीन ठिपके, त्यात सेटिंग, त्यात 'पत्ते'. तिथे एक निळं बटण सुरू होतं, पत्ते जतन करा आणि भरा. त्याच्याखाली ब्राउझरनं साठवलेले पत्ते ओळीनं मांडलेले. एक अरुंधतीचा. एक अरुंधतीचाच, पण तळेगावातला 'ळे' गळालेला. एक लोणावळ्याच्या भावजयीचा, राखीला पार्सल पाठवलं होतं तेव्हाचा. आणि एक असा, ज्यात नुसतं 'दुकानामागे' एवढंच उरलं होतं. कौमुदी म्हणाली, निळं बटण बंद कर. आणि तुला स्वतःसाठी हवंच असेल तर चालू ठेव, पण लोकांचे अर्ज भरताना पाहुण्यांची वेगळी खिडकी उघडता येते, तिच्यात तुझं काहीच येत नाही.

घरात पाहुण्यांच्या वाट्या वेगळ्या, पाहुण्यांचे टॉवेल वेगळे, पाहुण्यांच्या उशांचे अभ्रेही वेगळे. फक्त पाहुण्यांची खिडकी वेगळी असते, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. अरुंधतीनं बटण बंद केलं. चारही पत्ते एकामागोमाग काढून टाकले. प्रत्येक वेळी ब्राउझर विचारत होता, नक्की का? आणि प्रत्येक वेळी त्याला हो म्हणताना तिला जुनी मोलकरीण कामावरून काढल्यासारखं वाटत होतं. मोलकरणीनं तर सांगितलेलंच काम केलं होतं.

आता समोर बसलेल्या दोघींना सांगायचं होतं. तिनं सांगितलं. शब्द जुळवून नाही, सरळ. चूक कार्यालयाची नाही, माझी आहे. तुझ्या अर्जात माझा पत्ता पडलाय.

नंदाबाईंनी कपाळावर हात मारला. सविता मात्र चकित झाली ती वेगळ्याच कारणानं. "म्हंजी तो तुमी मुद्दाम नव्हता दिला?"

मग कळलं. वस्तीच्या चढणीखाली पाण्याची टाकी आहे, तिच्या पुढे टपाल येतच नाही. पाकिटं खालच्या दुकानात पडतात, त्यावर चहाचे कप ठेवले जातात, लग्नाच्या पत्रिकांबरोबर ती रद्दीत जातात. म्हणून वस्तीवरची माणसं वर्षानुवर्षं महत्त्वाच्या कागदावर गावातल्या कुणा ओळखीच्याचा पत्ता देतात. त्यासाठी आधी जाऊन विचारायचं असतं, आणि हो म्हणणारा माणूस मोठ्या मनाचा समजतात. इथे तर काकूंनी न विचारताच सगळ्यांना आपला पत्ता दिला होता. वस्तीत त्याची चर्चा होती. सविताला अर्ज वाचताना शंका आली होती की, या कामाला हा पत्ता चालेल का? पण इतक्या आपुलकीनं दिलेला पत्ता परत कसा करायचा, म्हणून ती बोलली नाही.

म्हणजे सहा महिने अरुंधती त्यांच्या विश्वासानं भारावलेली होती, आणि त्या तिच्या मोठेपणानं. दोन्हीकडचा मोठेपणा त्या करड्या पट्टीचा.

दीड पानाचं पत्र तिनं फाडलं. 'डोळे मिटून' तेवढं कामाचं होतं, ते नव्या पत्रात घेतलं, पण कर्ता बदलून.

बुधवारी सकाळी सवितानं स्कूटी आणली. अरुंधती मागे बसली, एका हातात फाइल, दुसऱ्या हातानं सविताचा खांदा घट्ट धरून. वडगावला कार्यालयात खूप गर्दी नव्हती. अधिकारी बाई चाळिशीच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी पत्र वाचलं, अर्ज काढला, मग काहीतरी आठवून गठ्ठ्यातले आणखी दोन अर्ज काढले आणि तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सविता, वराळे. कोमल, उर्से. अमृता, आणखी एका वाडीची. त्या दोघींचे अर्जही फेब्रुवारीत अरुंधतीनंच भरले होते. तीन गावं, तीन अंगणवाड्या, पत्ता एकच.

"आम्हाला वाटलं वसतिगृह आहे," बाई म्हणाल्या.

अरुंधतीनं तिथेच बाकावर बसून आणखी दोन कबुलीजबाब लिहिले. त्यातला दुसरा लिहिताना अक्षर बिघडलं. कोमलला आणि अमृताला तिथूनच फोन करून तिनं दाखले घेऊन बोलावलं. त्या दोघींनी यादी स्वतः पाहिली नव्हती; 'अपात्र' एवढंच ऐकून गुण कमी पडले असं त्यांना वाटत होतं.

बाईंनी सगळं ठेवून घेतलं, पण म्हणाल्या की, नुसत्या पत्रावर नाव परत घेता येणार नाही. दाखला एक सांगतो, अर्ज दुसरं सांगतो, आणि दोन्ही कागद अर्जदारानंच दिलेत. प्रत्यक्ष पाहणी लागेल. मग त्यांनी अगदी साध्या सुरात विचारलं, "तुम्ही लिहिलंय की त्या वराळ्यातच राहतात याची तुम्हाला खात्री आहे. तुम्ही यांच्या घरी गेलायत का कधी?"

अरुंधतीनं उगाच फाइल उघडून पाहिली.

"घर साधारण कुठे येतं? शाळेच्या अलीकडे की पलीकडे?"

वराळ्यात शाळा नक्की कुठे आहे हेच तिला माहीत नव्हतं. नंदाबाई चार वर्षं तिच्या दारात भाजी आणत होत्या. एकोणीस जणींचे अर्ज तिनं भरले. जन्मतारखा पाठ, आईची नावं पाठ, कुणाच्या आधारवर फोटो वाईट आलाय तेही पाठ. पण 'तू राहतेस कुठे?' हा प्रश्न तिनं एकीलाही विचारला नव्हता. तो तिच्या वतीनं ब्राउझर सोडवत होता. ती म्हणाली, नाही, गेले नाही. तिला वाटलं, या एका वाक्यानं सविताचं काम गेलं.

बाईंनी ते वाक्यही लिहून घेतलं. म्हणाल्या, तिघींच्याही गावी पाहणी होईल; वराळ्याला उद्याच पर्यवेक्षिका येतील. शेजारचे दोन साक्षीदार तयार ठेवा. आणि अर्ज भरणाऱ्यांनीही हजर राहावं.

परत येताना सविता एकदाच बोलली. "आमच्या शेजारणी दोनच. त्यातली चिमाबाई माज्याशी बोलत न्हाई, काकू. दोन वर्सं झाली."

गुरुवारी अरुंधती पहिल्यांदा वस्तीवर गेली. टाकीपर्यंत रिक्षा, पुढे चढण पायी. चांगली साडी नेसून आली होती, ती निऱ्या हातात धरून चढली. माऊलींची पिठाची चक्की, तिच्या बाजूला बोळ, बोळाच्या तोंडाशी सविताचं घर. समोर तुळस, दोरीवर मुलांचे शाळेचे शर्ट, आत भिंतीवर सविताच्या बारावीच्या गुणपत्रिकेची फ्रेम. पर्यवेक्षिका बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, कागद मांडीवर घेतला. पहिल्या साक्षीदार सरूबाई, म्हाताऱ्या. त्यांनी व्हय, हितंच ऱ्हाती, एवढं सांगून अंगठा दिला. दुसरं घर चिमाबाईंचं. अरुंधतीनं त्यांचं एटीएम कार्ड स्वतःच्या हातानं त्यांना दिलं होतं. ती ओळखीचं हसली. चिमाबाई हसल्या नाहीत. दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पर्यवेक्षिकांनी विचारलं, या बाई इथे राहतात का?

चिमाबाईंनी सविताकडे पाहिलं. सविता जमिनीकडे पाहत होती. नंदाबाईंनी पदर तोंडाशी धरला. वस्तीवरच्या पाच-सहा जणी गोळा झाल्या होत्या.

"रोज सकाळी सातला नळावं भांडती माज्याशी," चिमाबाई म्हणाल्या. "हंडा सरकवती. दोन वर्सं झाली, एक दिस खाडा न्हाई. हितं ऱ्हात न्हाई तर काय तळेगावावनं येती व्हय भांडाया?"

पर्यवेक्षिकांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि चिमाबाईंपुढे सहीला धरलं. चिमाबाईंनी सही केली, पेन परत दिलं आणि आत जाताना सविताला म्हणाल्या, "उद्या हंडा मागं ठिवायचा."

शेवटी अर्ज भरणाऱ्याचा जबाब. पर्यवेक्षिका म्हणाल्या, या घराचा पत्ता तुमच्या हातानं लिहा. अरुंधतीनं पेन घेतलं आणि सविताला विचारलं. सविता सांगत गेली, सासू मध्ये दुरुस्त्या करत गेली. टाकीच्या वर लिहायचं की मागे, यावर बराच खल झाला. चक्की माऊलींची की माऊलींच्या भावाची, यावर त्याहून जास्त. तीन ओळींचा पत्ता लिहायला बावीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात पूर्वी तिचा अख्खा अर्ज पुरा व्हायचा.

त्या दिवसापासून फ्लॅट नंबर सातचं कार्यालय मंदावलं. दुपारी एकच अर्ज होतो. आधी प्रश्न, राहतेस कुठे, मग त्याचं उत्तर, मग त्या उत्तरावरचे फाटे. जुन्या एकोणीस जणींपैकी तेरा जणींचे पत्ते तिनं आतापर्यंत दुरुस्त करून घेतले आहेत. बाकीच्यांना पत्र आलं की ती स्वतः नेऊन देते. स्वतःचा पत्ताही आता हातानं टाइप करावा लागतो. पहिल्याच खेपेला तिनं त्यात फ्लॅटचा नंबर नऊ घातला आणि मिक्सरचं भांडं वरच्या मजल्यावर गेलं. दिगंबर ते आणायला गेला. परत येऊन काहीही बोलला नाही. त्याच्या मानानं ते फार होतं.

अंतिम यादी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लागली. अमृताचं नाव पात्र यादीत आलं, पण गुणांत मागे पडलं. अरुंधती तिला भेटायला वाडीवर जाऊन आली, आणि अमृतानं चहा दिला, हे तिला पुष्कळ वाटलं. कोमलची निवड झाली. सविताची झाली.

मंगळवारी नंदाबाई आल्या त्या नेहमीपेक्षा उशिरा, घामाघूम, पाटीत भाजी कशीबशी कोंबलेली. सुनेला कामावर रुजू व्हायला सांगितलं होतं. इतकी वर्षं पहाटे भाजीच्या जुड्या बांधायला तीच असायची. नंदाबाईंनी पाटी दारात टेकवली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या.

"सून दिली सरकारला," त्या म्हणाल्या. "आता जुड्या कोन बांदनार वैनी? फारम तुमीच भरलाय."

अरुंधतीनं चष्मा काढून ठेवला आणि मांडी घालून समोर बसली. नंदाबाईंनी मेथीचा ढीग तिच्याकडे सरकवला, एक जुडी बांधून दाखवली. अरुंधतीनं दोन बांधल्या. नंदाबाईंनी त्या उचलून पाहिल्या, सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.